कोबीचा वास: एका ॲम्स टेस्टचं प्रकरण

मागच्या पावसाळ्यात कुरकुंभ एमआयडीसीतून आमच्याकडे एक अंबर बाटली आली, झाकणावर पॅराफिल्मचे चार वेढे, आत नायट्रोजन भरलेला, आणि सोबत एक मेल ज्यात बाकी सगळं सोडून "रिपोर्ट कधी मिळेल" एवढंच तीन वेळा विचारलेलं. केमिकलचं नाव सांगणार नाही, करार आहे. बेंझॉइल क्लोराईडच्या भावकीतलं एक ॲसिड क्लोराईड, एवढं पुरे. औषध बनवताना मधल्या एका पायरीला हे लागतं आणि पुढे संपून जातं, पण औषध कंपनीला भीती अशी की शेवटच्या गोळीत त्याचा कण उरला तर काय.

आमची लॅब बावधनच्या पुढे. काम एकच, एखाद्या केमिकलमुळे डीएनएला इजा होते का ते बघायचं. लग्नकार्यात कुणाला हे सांगितलं की हमखास "म्हणजे उंदीर मारता का गं" असा प्रश्न येतो, म्हणून आता मी "बॅक्टेरिया मोजते" एवढंच सांगते आणि ते खरंही आहे.

औषधातल्या अशा अशुद्धींसाठी आयसीएच एम७ नावाची आंतरराष्ट्रीय गाईडलाईन आहे. आधी कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या पद्धतींनी रचना तपासायची, एक नियमांवर चालणारी आणि एक आकडेवारीवर. रचनेत धोक्याची खूण दिसली पण टेस्टचा डेटा नाही, तर केमिकल क्लास ३ मध्ये जातं. मग ॲम्स टेस्ट. निगेटिव्ह आली तर क्लास ५, म्हणजे साधी अशुद्धी, विषय संपला. पॉझिटिव्ह आली तर क्लास २, आणि मग आयुष्यभर घ्यायच्या औषधात दिवसाला १.५ मायक्रोग्रॅमच्या आत ठेवा, दर बॅचला मोजा, मोजायची पद्धत बसवा, ती सिद्ध करा. कुरकुंभच्या लोकांची घाई त्यासाठी होती. त्यांच्या केमिकलवर कॉम्प्युटरने लाल खूण केलेली, आणि ॲसिड क्लोराईड म्हटलं की ती खूण येतेच.

ॲम्स टेस्ट माहीत नसेल तर थोडक्यात. बर्कलीच्या ब्रूस ॲम्सनी १९७० च्या दशकात बसवलेली ही पद्धत. साल्मोनेला बॅक्टेरियाचे असे वाण घ्यायचे ज्यांना हिस्टिडीन नावाचं अमिनो ॲसिड स्वतःचं स्वतः बनवता येत नाही, कारण त्या जीनमध्ये आधीच बिघाड केलेला आहे. हिस्टिडीन जवळपास नसलेल्या प्लेटवर ते उपाशीच राहतात. आता त्यात केमिकल टाकायचं. त्याने डीएनएत बदल घडवला आणि योगायोगाने तो बिघाडच उलटा फिरला, तर तो एक बॅक्टेरिया पुन्हा स्वतःचं जेवण बनवायला लागतो, वाढतो, आणि दोन दिवसांनी टिपक्याएवढी कॉलनी दिसते. कॉलन्या मोजायच्या, बास. ॲम्सनी मागेल त्या लॅबला हे वाण पाठवले म्हणून ही टेस्ट जगभर पोचली. १९७५ मध्ये त्यांच्या लॅबने बाजारातले १६९ हेअर डाय तपासले त्यातले १५० पॉझिटिव्ह निघाले, त्यावरून केवढा गोंधळ झाला होता.

वाण वेगवेगळे असतात आणि आमच्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे. टीए१०० आणि टीए१५३५ मध्ये बिघाड एकाच जागी, एक अक्षर चुकलेलं. टीए९८ आणि टीए१५३७ मध्ये अक्षरांची रांगच सरकलेली. शिवाय ई. कोलायचा एक वाण. म्हणजे कुठल्या वाणात कॉलन्या वाढल्या यावरून केमिकलने काय प्रकारची तोडफोड केली त्याचा अंदाज येतो. प्रत्येक वाण दोनदा चालवायचा, एकदा नुसता आणि एकदा एस९ घालून. एस९ म्हणजे उंदराच्या लिव्हरचा अर्क, कारण बरीच केमिकल्स स्वतः साधी असतात पण लिव्हरमधून गेली की उपद्रवी होतात. (तर हो, उंदीर आहेतच कुठेतरी. लग्नात सांगत नाही.)

आता मूळ प्रकरण. वजन करायला आमची ज्युनियर बसली, बारामतीची पोरगी, नोकरीला लागून सहा महिने झालेले. ऑगस्टमधली हवा, बाटली उघडली की धूर, म्हणून सगळं फ्यूम हूडमध्ये. सॉल्व्हंट, म्हणजे केमिकल विरघळवायचा द्रव, डीएमएसओ. का? कारण नेहमी तोच असतो. पाण्यात न विरघळणारं जवळजवळ सगळं त्यात विरघळतं, बॅक्टेरियांना त्रास देत नाही, आमच्याकडे त्याचा वर्षानुवर्षांचा कंट्रोल डेटा, म्हणजे केमिकल न घालता किती कॉलन्या येतात ते आकडे, आहे. विद्राव्यता बघायची स्टेप असते, ती केली, द्रावण स्वच्छ दिसलं, फॉर्मवर टिक मारली. टिक मी मारली, सही माझी आहे. पाच डोस, वरचा ५००० मायक्रोग्रॅम प्रति प्लेट, डोसला तीन तीन प्लेट, ३७ अंशाला इन्क्युबेटरमध्ये.

दोन दिवसांनी प्लेट काढल्या तर टीए१०० वर नुसत्या डीएमएसओला नेहमीसारख्या सव्वाशेच्या आसपास कॉलन्या, आणि केमिकलच्या डोसबरोबर चढत चढत तिपटीवर. टीए१५३५ मध्ये एरवी दहा-बारा कॉलन्या असतात तिथे तर दहापट. टीए९८ शांत, टीए१५३७ शांत. एस९ घातलेल्या प्लेटवर तोच प्रकार पण जरा कमी. पॉझिटिव्ह म्हणजे पुस्तकात छापावं इतका स्वच्छ पॉझिटिव्ह.

सरांना दाखवलं. सर म्हणाले, "कळवून टाक त्यांना, क्लास २." मी हो म्हणाले आणि चहाला गेले, पण चहा पिताना मनात एक गोष्ट टोचत होती. ॲसिड क्लोराईड पाणी दिसलं की मरतं. प्लेटवरचा टॉप अगर, ज्या जेलीत बॅक्टेरिया आणि केमिकल मिसळून ओततात, तो म्हणजे बव्हंशी पाणीच. तिथून बॅक्टेरियाच्या आत शिरून डीएनएपर्यंत पोचायला याला वेळ कुठे आहे? आणि नमुनाही खटकत होता. फक्त एक अक्षर बदलणारे वाण पेटलेत, तेही टीए१५३५ सारखा मठ्ठ वाण एवढा, हे एखादं छोटं चपळ अल्किलेटिंग (डीएनएला चिकटून अक्षर बिघडवणारं) केमिकल करतं, ॲसिड क्लोराईडचा हा स्वभाव नाही. दुसरा प्रयोग तसाही करायचाच होता, म्हटलं तोवर थांबू.

संशयित मी वहीत लिहून काढले. एक, केमिकल खरंच दोषी. दोन, त्यातली भेसळ, म्हणजे ही मंडळी ट्रायक्लोरोटोल्युईन वगैरेपासून बनवतात, ते थोडं उरलं असेल तर ते स्वतः म्युटाजेन, म्हणजे डीएनएत बदल घडवणारं, आहे. आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) पण बेंझॉइल क्लोराईड आणि त्याच्या क्लोरोटोल्युईन भावंडांच्या एकत्रित संपर्काला २ए गटात टाकलंय, म्हणजे "बहुधा कॅन्सरकारक". तीन, कुठूनतरी हिस्टिडीन आलं आणि उपाशी बॅक्टेरियांना फुकट जेवण मिळालं. वनस्पतींच्या अर्कात हे होतं, इथे शक्यता कमी, आणि तसं असतं तर टीए९८ पण फुगला असता. सॉल्व्हंट माझ्या यादीत नव्हता. नुसत्या डीएमएसओच्या प्लेट शांत होत्या ना, मग त्याच्यावर संशय घ्यायचा कशाला, असं मला वाटलं.

दुसरा प्रयोग नेमका गुरुवारी लावला. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार काय ते सांगायला नको, लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत ठीक, पण बायोसेफ्टी कॅबिनेट एकदा बंद पडलं की परत चालू करून थोडा वेळ हवा स्थिर होऊ द्यावी लागते, मग पुसा, मग परत मांडा, या सगळ्यात केमिकलची द्रावणं तासभर स्टँडमध्ये तशीच उभी. डीएमएसओत. पोरगी म्हणाली, "मॅम, फेकून नवीन करू का?" बाटलीत माल कमी उरलेला, मी म्हटलं राहू दे, वेळ लिहून ठेव. तिने लिहिला.

मोजणीचा दिवस आला अनंत चतुर्दशीला. मी नारायण पेठेत राहते, त्या दिवशी आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा निघत नाही. ४८ ते ७२ तासांची मुदत असते म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता, पण मिरवणूक काही दुसऱ्या दिवशी सकाळी संपेल याचा भरवसा नाही, म्हणून पहाटे पाचला चालत नदीपलीकडे गेले आणि तिथून रिक्षा. ढोल पथकं जमायच्या आत लॅबमध्ये. प्लेट काढल्या आणि कॉलनी काउंटरखाली ठेवल्या तर टीए१०० पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी वर. तीच बाटली, तेच डोस, तोच वाण. फरक फक्त तो एक तास.

शिळं झाल्यावर जास्त खवळणारं केमिकल म्हणजे द्रावणात काहीतरी नवीन तयार होतंय. हे डोक्यात आलं तेव्हा मी पहिल्या प्रयोगाची वर्कशीट काढली. निरीक्षणाच्या रकान्यात आमच्याकडे सगळे "स्वच्छ द्रावण" एवढंच लिहितात, पिढ्यानपिढ्या. या पोरीने लिहिलं होतं: "स्वच्छ, फिकट पिवळं. व्हॉर्टेक्स केल्यावर ट्यूब कोमट लागली. झाकण उघडल्यावर शिजलेल्या कोबीसारखा वास." या शीटवर तपासणारी म्हणून माझी सही होती, म्हणजे मी नुसती नजर फिरवून, न वाचता, सही केली होती.

कोबीचा वास हा डायमिथाइल सल्फाईडचा, जे डीएमएसओ तुटलं की निघतं. पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पीएचडी केलेली माझी एक मैत्रीण आहे, सिंथेसिसवाली, तिला फोन लावला, मागे ढोलताशा आणि ही ओरडून सांगतेय, "अगं तू काय ट्यूबमध्ये स्वर्न करतेयस का? ॲसिड क्लोराईड कुणी डीएमएसओत घालतं का? आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतात, स्फोट होतो त्याने!" स्वर्न ऑक्सिडेशन ही केमिस्ट लोकांची रोजची रिॲक्शन, त्यात डीएमएसओ आणि ऑक्झॅलिल क्लोराईड मुद्दाम एकत्र आणतात, पण उणे ७८ अंशाला, कारण गरम असताना ती दोघं हाताबाहेर जातात. आमच्याकडे मिलिग्रॅममध्ये काम म्हणून ट्यूब फक्त कोमट झाली.

मग वाचत बसले. हे आधीच लोकांनी शोधून ठेवलेलं. औषध कंपन्यांमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये पेपर काढला होता की ॲसिड क्लोराईड आणि सल्फोनिल क्लोराईड डीएमएसओत विरघळवली की त्यातून क्लोरोमिथाइल मिथाइल सल्फाईड तयार होतं, ते छोटं आणि चपळ अल्किलेटिंग केमिकल आहे, आणि ॲम्समधला पॉझिटिव्ह त्याचा असतो. साहित्यातले कितीतरी जुने पॉझिटिव्ह असेच. घरातलं उदाहरण द्यायचं तर हळद आणि चुना. हळद पिवळी, चुना पांढरा, दोन्हीचे वेगवेगळे कंट्रोल लावले तर लाल रंग कुठेच दिसणार नाही, आणि एकत्र केले की कुंकू. माझा नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल शांत होता तो यामुळे. कंट्रोल बरोबर होता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते.

आणि सगळ्यात लाज वाटली ती याची की ॲम्सच्या ओईसीडी ४७१ गाईडलाईनमध्ये सरळ लिहिलंय, सॉल्व्हंटची टेस्ट केमिकलशी रिॲक्शन होईल असा संशय नसावा. ते वाक्य मी ट्रेनिंगमध्ये दरवर्षी वाचून दाखवते.

वाचून पटलं तरी आमच्या बाटलीबाबत सिद्ध करायला हवं होतं. आधी जीएलपीच्या, म्हणजे अधिकृत रिपोर्टसाठीच्या लॅब-नियमांच्या, बाहेर, आपल्या समाधानासाठी. तीन रांगा लावल्या. पहिली, केमिकल कोरड्या ॲसिटोनायट्राईलमध्ये, म्हणजे दुसऱ्या एका सॉल्व्हंटमध्ये. दुसरी, नेहमीसारखं डीएमएसओत. तिसरी, आधी ॲसिटोनायट्राईलमध्ये विरघळवलं आणि त्यात मुद्दाम डीएमएसओ घालून तासभर ठेवलं. फक्त टीए१०० आणि टीए१५३५. पहिली रांग सपाट, कंट्रोलएवढीच, सगळ्यात वरच्या डोसला मात्र मागची बॅक्टेरियांची साय विरळ झालेली म्हणजे तिथे ते मरायला लागलेत. दुसरी पॉझिटिव्ह. तिसरी पण पॉझिटिव्ह. तिसरी रांग मला सगळ्यात आवडली, कारण नुसतं "सॉल्व्हंट बदलला आणि गेलं" म्हटलं तर कुणीही म्हणेल की तुमच्या नवीन सॉल्व्हंटने काहीतरी दाबलं असेल. डीएमएसओ परत घातल्यावर परत आलं की ते तोंड बंद होतं.

शेजारच्या ॲनालिटिकल विभागाने डीएमएसओच्या द्रावणातली वाफ जीसीएमएसवर (मिश्रणातली केमिकल्स वेगळी करून ओळखणारं यंत्र) चालवली, क्लोरोमिथाइल मिथाइल सल्फाईडचा पीक मिळाला. त्याच बाटलीतला माल ॲसिटोनायट्राईलमध्ये चालवला तेव्हा तो पीक नव्हता आणि ट्रायक्लोरोटोल्युईनही दिसलं नाही, म्हणजे संशयित नंबर दोन पण सुटला.

मग सरांनी एक प्रश्न टाकला, आणि तो प्रश्न खरा होता. "ॲसिटोनायट्राईलमधून प्लेटवर गेलं की पाण्यात तुटणार, मग तू टेस्ट काय केलंस? ॲसिड क्लोराईड का नुसतं ॲसिड?" मी यावर दोन दिवस घेतले. उत्तर असं की हो, बराचसा भाग तुटतो, पण बॅक्टेरिया तिथेच असतात, जे काही क्षणभर जिवंत आहे ते त्यांच्या अंगावरच पडतं. आणि माणसाच्या बाबतीत पण तेच होणार आहे, गोळीत कण उरलाच तरी पोटात पाणीच आहे. केमिकलचा टेस्टमधला मृत्यू आणि शरीरातला मृत्यू एकाच पद्धतीचा असेल तर टेस्ट प्रामाणिक आहे असं मी म्हणते. सरांना अर्धं पटलं. पण म्हणून सगळी ॲसिड क्लोराईडं निर्दोष असंही नाही, डायमिथाइलकार्बामॉइल क्लोराईड डीएमएसओ नसतानाही म्युटाजेन आहे आणि आयएआरसीच्या २ए मध्ये बसलंय. प्रत्येकाची बाटली वेगळी तपासायची.

आता कागदपत्रांचा भाग, जो प्रयोगापेक्षा जड गेला. जीएलपी स्टडीत आलेला निकाल आवडला नाही म्हणून फेकता येत नाही. क्यूएवाल्या (कामाची गुणवत्ता तपासणाऱ्या) मॅडमनी पहिल्या दिवशीच बजावलं, "दोन्ही डीएमएसओ प्रयोग रिपोर्टमध्ये राहतील, आकड्यांसकट." स्टडी प्लॅनला अमेंडमेंट काढली, कारण लिहिलं, ॲसिटोनायट्राईलसाठी आमच्याकडे पुरेसा जुना कंट्रोल डेटा नाही म्हणून काहीच न घातलेल्या प्लेटचा वेगळा कंट्रोल जोडला, आणि पाचही वाणांवर एस९सह आणि एस९विना सगळं पहिल्यापासून. निगेटिव्ह. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे म्युटाजेन म्हणून आधीच माहीत असलेली केमिकल्स, जिथे पेटायला हवे तिथे पेटले.

कुरकुंभहून फोन आला. आधी आनंद, मग हळूच, "मॅडम, तो डीएमएसओवाला भाग ठेवायलाच हवा का? वाचणारा घाबरतो." मी म्हटलं, दादा, तो भाग काढला तर उद्या दुसरी लॅब डीएमएसओत करेल, पॉझिटिव्ह येईल, आणि मग तुम्ही आणि मी दोघं खोटे ठरू. ते हसले, ठीक म्हणाले.

फोन ठेवणार तेवढ्यात मला सुचलं, खरं तर आधीच सुचायला हवं होतं. "तुमच्या प्रोसेसमध्ये पुढे कुठे डीएमएसओ वापरता का?" लॅबमध्ये जे चुकून झालं ते रिॲक्टरमध्ये झालं तर ती चूक म्हणून सोडून देता येणार नाही, ते केमिकल खरंच मालात असेल. तिकडे काही सेकंद नुसती मशीनची घरघर. मग, "आहे मॅडम. तीन स्टेप नंतर. परवा बॅच शीट बघून सांगतो."

परवा फोन आला. ॲसिड क्लोराईड टोल्युईनमध्ये वापरतात, रिॲक्शन झाली की पाणी घालून तोडतात, दोन वॉश, उरलेलं ॲसिड मोजतात, आणि मग कुठे पुढे डीएमएसओ येतं. ॲसिड मोजतात, पण न तुटलेलं क्लोराईड कधी मोजलेलं नव्हतं. आता मोजणार म्हणाले. रिपोर्ट दिवाळीच्या आधी गेला, आणि बारामतीच्या पोरीने वजनाच्या काट्यावर अस्सल पुणेरी पाटी चिकटवली: "ट्यूब कोमट लागल्यास लिहावे. न लागल्यास तसे लिहावे. 'स्वच्छ द्रावण' एवढेच लिहिणाऱ्यांची शीट परत मिळेल." खाली बारीक अक्षरात "तपासणाऱ्यांनी वाचून सही करावी" असंही आहे. ते माझ्यासाठी आहे हे तिने सांगितलेलं नाही.